दातांची गोष्ट : सहावी दाढ कोणती?

(सोसायटीच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर. काही सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिला आहे. शेवटची प्रश्नोत्तरेही जोडली आहेत.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मानवी दात : रचना व कार्य’ असा भारदस्त विषय छापला आहे. तो वाचून काल एका शेजाऱ्यांनी मला जिन्यातच अडवलं. म्हणाले, “अहो, तुम्ही जन्मभर बँकेत. दातांचं काय सांगणार?” त्यांचं बरोबर आहे. पण माझी पदवी प्राणिशास्त्राची आहे, नोकरी तेवढी बँकेत झाली. आणि आज जे सांगणार आहे ते आधी एका दंतवैद्यांना वाचून दाखवलं आहे. त्यांनी दोन ठिकाणी पेन्सिलीनं दुरुस्ती केली, ती मान्य करून उभा आहे.

आपण पेणकर. दातांविषयी बोलायचं तर सुरुवात या समोरच्या मूर्तीपासूनच करावी लागेल. एकदंत. नोकरीत असताना कारखान्यांच्या कर्जांसाठी हमरापूर, जोह्याकडे माल तपासायला जावं लागे. रांगेनं शेकडो मूर्ती मांडलेल्या असत, काही कच्च्या, काही रंग लावलेल्या. एक दात अखंड, एक मोडका, हे मात्र सगळीकडे सारखं. तो दात परशुरामाच्या परशूनं मोडला असं एक कथा सांगते. महाभारत लिहिताना लेखणी म्हणून बाप्पानं स्वतःच मोडला असं दुसरी सांगते. कोकण ही परशुरामाची भूमी, त्यामुळे आपण कोणत्या कथेच्या बाजूनं उभं राहायचं ही जरा पंचाईतच आहे!

आता शास्त्र. हत्तीचा सुळा म्हणतो खरा आपण, पण तो सुळा नव्हे. तो वरच्या जबड्यातला पुढचा दात, म्हणजे पटाशीचा दात आहे. पटाशी म्हणजे सुताराचं लाकूड तासायचं हत्यार. आपले पुढचे चपटे, धारदार दात तसे दिसतात म्हणून त्यांना पटाशीचे दात म्हणतात. हत्तीचा हा दात जन्मभर वाढत राहतो. आणि बाप्पाच्या पायाशी बसलेल्या उंदीरमामाचेही पुढचे दात जन्मभर वाढतात, वर्षाला चार-पाच इंच! भाताची कोठी, वायर, दाराची चौकट, उंदीर काहीही कुरतडतो. त्यामुळे दात झिजतात आणि वाढ आटोक्यात राहते. त्याच्या दाताला टणक थर फक्त पुढच्या बाजूनं असतो. मागची बाजू मऊ, ती लवकर झिजते आणि पुढची धार आपोआप तयार होते. पटाशीला निदान पाणी तरी द्यावं लागतं, उंदराला तेही नको.

हत्तीच्या दाढांची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्याला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. पुढची दाढ झिजली की मागून नवी सरकत सरकत तिच्या जागी येते. साठीच्या आसपास शेवटचा संच झिजला की हत्तीला चारा चावता येत नाही, आणि पुष्कळदा तेच त्याच्या मरणाचं कारण ठरतं. हत्तीला सहा संधी. शार्कमाशाला तर मोजदादच नाही, एक दात पडला की मागच्या रांगेतला पुढे येतो.

माणसाला फक्त दोन. पहिल्या खेपेला २०, दुसऱ्या खेपेला ३२, त्यानंतर खातं बंद. मुदत संपल्यावर नूतनीकरण होत नाही अशी ही ठेव आहे. आणि तिच्यातली सगळ्यात मोठी रक्कम बहुतेक घरांत, ती कधी जमा झाली हे कळायच्या आतच खर्ची पडते. मला आज खरं बोलायचं आहे ते त्याबद्दल. पण त्याआधी दात बांधलेला कसा असतो ते थोडक्यात पाहू.

आपल्या इमारतीचं उदाहरण घ्या. बाहेरून प्लॅस्टर, आत विटांची भिंत, भिंतीतून गेलेले पाण्याचे पाइप आणि वायरिंग. दाताचंही तसंच. बाहेरचा थर एनॅमलचा, शाळेच्या पुस्तकात त्याला दंतवल्क म्हणतात. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ, हाडापेक्षाही कठीण. वजनानं सुमारे ९६ टक्के खनिज, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट. त्याच्या आत डेंटिन. ते थोडं मऊ, पिवळसर, आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य बारीक नळ्या असतात. हस्तिदंत म्हणून ज्याच्या फण्या, डब्या करत, ते हेच डेंटिन. सगळ्यात आत गर, त्यात रक्तवाहिन्या आणि नसा. हिरडीखालच्या मुळाला एनॅमल नसतं, त्यावर एक पातळ, मऊसर थर असतो. साठीनंतर हिरडी खाली सरकते तेव्हा हे उघडं पडतं. आपण म्हणतो दात लांब झाले. दात आहेत तेवढेच असतात, ओटा खचला की पाया दिसतो तसं ते आहे.

प्लॅस्टर आणि एनॅमल यांत एक फरक मात्र फार मोठा आहे. प्लॅस्टर पडलं तर आपण सर्वसाधारण सभा बोलावतो, तीन कोटेशनं मागवतो, दोन वर्षं भांडतो, पण शेवटी नवं करून घेतो. एनॅमल पुन्हा होत नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच नाहीशा होतात. हाड मोडलं तर जुळतं, कातडी कापली तर भरून येते. एनॅमलचं भगदाड शरीर बुजवू शकत नाही.

मग कीड लागते म्हणजे काय होतं? पूर्वी बाजारात दातातले किडे काढून दाखवणारे येत, तळहातावर किडा काढूनही दाखवत. ती हातचलाखी. दातात अळी-किडा कधीच नसतो. असतात ते जंतू, आणि ते पहिल्यांदा पाहिले हॉलंडमधल्या लेवेनहुक या कापडाच्या व्यापाऱ्यानं. स्वतःच्या दातांवरचा पांढरा लगदा खरवडून त्यानं भिंगाखाली धरला, तर त्यात वळवळणारे जीव! १६८३ साली त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला तसं पत्र लिहिलं. कापडवाला दातांवर बोलू शकतो, तर बँकवाल्यानं का बोलू नये, हे आमच्या जिन्यातल्या शेजाऱ्यांसाठी.

हे जंतू आपण खाल्लेली साखर खातात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लानं एनॅमलमधलं खनिज विरघळायला लागतं. आपल्या भाषेला हे आधीच माहीत होतं म्हणायचं, कैरी किंवा चिंच खाल्ली की दात ‘आंबतात’ असंच आपण म्हणतो. जेवण झाल्यावर लाळ हळूहळू आम्ल धुऊन काढते आणि विरघळलेलं थोडं खनिज परतही बसवते. याला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून एकाच वेळी चार मोदक खाणाऱ्यापेक्षा दर तासाला गोड चहा आणि दोन बिस्किटं घेणाऱ्याचे दात लवकर जातात. लाळेला सवड मिळत नाही. आणि आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नये, तेव्हा वरचा थर मऊ झालेला असतो. चूळ भरावी, ब्रश अर्ध्या तासानं.

कीड एनॅमलमध्ये असते तोवर काहीच दुखत नाही, कारण एनॅमलला नस नाही. डेंटिनपर्यंत गेली की थंड पाण्यानं दात शिवशिवतो. गरापर्यंत गेली की रात्रीचा ठणका सुरू होतो. गर चहूबाजूंनी बंद खोलीत आहे, त्याला सूज आली तर पसरायला जागा नाही, म्हणून तो ठणका असा जीवघेणा. दुखायला लागल्यावर दाखवू असं जो म्हणतो, तो बराच उशीर करतो.

आता त्या मोठ्या रकमेकडे येतो. समोर बसलेल्या पहिली-दुसरीतल्या मुलांच्या आयांनी हे विशेष लक्ष देऊन ऐकावं.

साधारण सहाव्या वर्षी मुलाचा पुढचा दुधाचा दात हलायला लागतो. घरात कौतुक होतं, फोटो निघतात, पडका दात कौलावर नाहीतर उंदराच्या बिळात टाकतात, उंदरासारखे बळकट दात येऊ देत म्हणून. नेमक्या त्याच सुमारास तोंडाच्या पार मागे, शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, चार नव्या दाढा वर येतात. वर दोन, खाली दोन. त्यांच्यासाठी कुठलाही दात पडत नाही. त्यामुळे घरात कुणालाही पत्ता लागत नाही. पुढे तिला कीड लागली की आई-वडील म्हणतात, दुधाचीच दाढ आहे, पडणारच आहे.

ती दुधाची नाही. ती कायमची आहे. तिच्यामागून दुसरी येणार नाही.

ओळखायची कशी? अगदी सोपं आहे. पुढच्या दोन दातांच्या मधल्या फटीपासून एका बाजूला मोजत जा. एक, दोन, तीन, चार, पाच. दुधाचे दात एका बाजूला पाचच असतात. सहावी दिसली तर ती कायमची दाढ. मोजताना एखादा पडलेला दात असेल तर त्याची रिकामी जागाही मोजा. आज घरी गेल्यावर आरशासमोर मुलाला उभं करून मोजा, स्वतःचीही मोजा. आपल्यापैकी कितीजणांची सहाव्या क्रमांकाची जागा रिकामी आहे ते तुमचं तुम्हालाच कळेल. मी माझ्या वयाच्या मंडळींत सहज विचारत गेलो, तर पहिली काढलेली दाढ कोणती, याचं उत्तर बहुतेकांनी एकाच जागेवर बोट ठेवून दिलं.

या दाढेचं काम मूल जन्मतं तेव्हाच हिरडीच्या आत सुरू झालेलं असतं. जबड्यात सगळ्या मोठ्या दाढांत ती पहिली येते आणि चावण्याचा मोठा भार तिच्यावर असतो. वरची आणि खालची सहावी एकमेकींवर कशा बसतात त्यावर बाकीच्या दातांची रांग अवलंबून असते. ती काढली की मागची दाढ पुढे कलंडते, समोरच्या जबड्यातली दाढ मोकळ्या जागेत उतरते, फटी पडतात, त्यात अन्न अडकतं, मग पुढची कीड. एक विटेमुळे भिंत जाते ती अशी.

आणि हीच दाढ लवकर किडते, कारण तिच्या माथ्यावरच्या खाचा खोल आणि अरुंद असतात. काही खाचा तर ब्रशच्या एका केसाहूनही अरुंद. सहा-सात वर्षांच्या मुलाचा ब्रश तिथपर्यंत पोचतही नाही. म्हणून निदान आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश आई, बाबा किंवा आजी-आजोबांनी करून द्यावा. आजोबांना टीव्हीसमोरून उठायला हे निमित्त चांगलं आहे. दाढ पूर्ण वर आली की त्या खाचा एका पातळ लेपानं बंद करून घेता येतात. त्याला सीलंट म्हणतात. इंजेक्शन नाही, दुखणं नाही, थोड्या मिनिटांचं काम. गच्चीचं वॉटरप्रूफिंग पावसाआधी करायचं की गळती लागल्यावर, यावर आपल्या सोसायटीत पुरेशी चर्चा झालेली आहे.

मग दुधाचे दात किडले तर चालतील का? तेही नाही. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि मागून येणाऱ्यांची जागा राखून ठेवतात. एस.टी.त रुमाल टाकून जागा धरतात तसं. रुमाल आधीच उचलला तर शेजारचे सरकून बसतात आणि ज्याची जागा होती तो वाकडा उभा राहतो.

दात घासण्याबद्दल दोन शब्द. आमच्या लहानपणी राखुंडी होती. भातगिरणीतून तुसं आणायची, जाळायची, ती काळी राख वस्त्रगाळ करायची, त्यात मीठ, तुरटी, घरोघरच्या पद्धतीप्रमाणे लवंग किंवा कापूर. पुढे माकडछाप काळी पावडर आली, मग विको वज्रदंती. राखुंडीच्या आठवणीनं आमच्या पिढीचा गळा दाटून येतो. पण प्राणिशास्त्र शिकलेल्या माणसानं खरं सांगितलं पाहिजे. भाताच्या तुसाच्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते, म्हणजे वाळूचीच बहीण. दात चकचकीत दिसतात, कारण आपण एनॅमल पॉलिश पेपरनं घासत असतो. बोटानं हलकं लावणारे निभावून गेले. जोर लावून आडवं घासणाऱ्यांच्या दातांना हिरडीजवळ खाचा पडल्या. ब्रशनंही हाच प्रकार होतो. मऊ ब्रश, हलका हात, फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा, आणि त्यातली रात्रीची वेळ चुकवायची नाही. झोपेत लाळ कमी सुटते, जंतूंना मोकळं रान मिळतं. फ्लोराइडमुळे एनॅमल आम्लाला जास्त दाद देत नाही. ते प्रमाणातच हवं. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत विहिरींच्या पाण्यात ते जास्त आहे, तिथे मुलांच्या कायमच्या दातांवरच तपकिरी डाग पडतात. म्हणून लहान मुलाला पेस्ट वाटाण्याएवढीच द्यावी आणि ती थुंकायला शिकवावी.

मिश्रीबद्दल मात्र मला ठणकावून बोलायचं आहे. आपल्या तालुक्यात अजून कितीतरी घरांत सकाळी आणि दुपारी मिश्री लावली जाते. ती दात घासण्याची पावडर नव्हे, ती भाजलेली तंबाखू आहे. दात घासायला कुणी दिवसातून पाच वेळा उठत नाही, तल्लफ आली की उठतं. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, मिश्रीचा तवा चुलीवर तसाच राहिला. तिनं हिरड्या जातात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि गरोदर बाईनं लावली तर बाळ कमी वजनाचं होण्याची भीती असते. आपल्याकडे कामाला येणाऱ्या ताई-मावशींना हे चार चांगल्या शब्दांत सांगा. ओरडून सांगू नका, सवय लहानपणी घरातल्याच कुणीतरी लावलेली असते.

आता आम्हा म्हाताऱ्यांचं. आमचे दात किडीपेक्षा हिरड्यांमुळे जास्त जातात. ब्रश करताना रक्त येतं ते उष्णतेनं नव्हे, ते हिरडीच्या सुजेचं लक्षण आहे. दगडासारखा साचलेला थर डॉक्टरकडे जाऊन साफ करून घ्यावा लागतो. त्यानं दात हलायला लागतात हा समज खोटा. दात आधीच हललेले असतात, थर त्यांना धरून होता इतकंच. मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखरही आटोक्यात राहत नाही. दोन्ही बाजूंनी व्याज लागतं. शिवाय रक्तदाबाच्या आणि इतर काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. लाळ कमी म्हणजे संरक्षण कमी. तुमच्या गोळ्यांची यादी दंतवैद्याला जरूर दाखवा.

एक गंमत सांगतो आणि आवरतं घेतो. दात हाडात सिमेंटसारखा बसवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंची गादी असते, त्यावर तो टांगलेला असतो. त्या गादीत इतक्या तल्लख नसा असतात की केसाहून बारीक कण दातांमध्ये आला तरी कळतो. भातात एवढासा खडा लागला तर आपण घास थांबवतो ना? पेणच्या पोह्याच्या पापडाचा कुरकुरीतपणा जितका कानाला कळतो तितकाच या गादीला. कवळी कितीही चांगली बसली तरी तिला ही गादी नाही. स्क्रू घालून बसवलेल्या इम्प्लांटलाही नाही. आमच्या वर्गातले एक मित्र कवळी बसवून आल्यावर म्हणाले होते, “दिसतं सगळं छान, चावताही येतं, पण काय चावतोय ते कळत नाही.” दात आहेत तेव्हा चणे नाहीत ही म्हण आपण गरिबीवर वापरतो. त्या दिवशी ती मला शब्दशः कळली.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. ज्यांना खाजगी दवाखाना परवडत नाही त्यांनी मुंबईचं सरकारी दंत महाविद्यालय किंवा नायर दंत महाविद्यालय गाठावं. जवळ म्हणजे कामोठे, नेरूळ, बेलापूर इथेही दंत महाविद्यालयं आहेत. तिथे शिकाऊ डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ लागतो, दोन-तीन खेपा होतात, पण खर्च कमी येतो. पनवेलपर्यंत एस.टी. आहेच.

भाषणानंतरचे काही प्रश्न :

“वरची दाढ काढली की डोळे अधू होतात म्हणतात, खरं का?” – नाही. नजरेची नस वेगळी, दातांची वेगळी. दात काढायची वेळ आणि चष्म्याचा नंबर वाढायची वेळ, दोन्ही एकाच वयात येतात म्हणून हा समज झाला. या भीतीनं कितीतरी मंडळी वर्षानुवर्षं पू झालेली दाढ तोंडात बाळगून बसतात. त्याचा त्रास मात्र खरा असतो.

“अक्कलदाढ काढावीच लागते का?” – सरळ आली, घासता येत असेल, तर राहू द्यावी. आडवी अडकली, वारंवार सुजली, तर एक्स-रे काढून डॉक्टर सांगतील तसं. अकलेशी तिचा संबंध एवढाच की ती सतरा ते पंचविसाच्या सुमारास येते.

“माझी नात साडेसहा वर्षांची आहे, तिच्या मागच्या दाढेत काळा ठिपका दिसतो.” – वहिनी, आधी एक ते सहा मोजा. सहावी असेल तर दुखण्याची वाट न पाहता याच आठवड्यात दाखवा. ठिपक्याएवढी कीड असताना एका बैठकीत काम होतं.

“रात्री कवळी काढून ठेवायची की नाही?” – काढायची. हिरड्यांना रात्रभर विसावा हवा. कवळी ब्रशनं धुऊन पाण्यात ठेवायची, कोरडी ठेवली तर तिचा आकार बिघडतो. गरम पाण्यात टाकू नये. आणि धुताना खाली बादलीत पाणी ठेवावं, हातातून निसटली तर फुटत नाही.